रिकामी बाके आणि श्रद्धेचा हिशेब

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन हे शहर समुद्रकिनारा, विद्यापीठे आणि मोकळेढाकळे जीवन यांसाठी प्रसिद्ध आहे, धार्मिकतेसाठी नव्हे. २०२१ च्या जनगणनेत या शहरातील सुमारे ५५ टक्के रहिवाशांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले. अशा शहराच्या मध्यवस्तीत सेंट पीटर्स हे भव्य चर्च उभे आहे. पुढे ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीमुळे ख्यातनाम झालेले वास्तुशिल्पकार चार्ल्स बॅरी यांनी ऐन तारुण्यात त्याचा आराखडा केला आणि १८२८ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. शहरातील लोक त्याला अजूनही कौतुकाने ब्रायटनचे ‘कॅथीड्रल’ म्हणतात. मात्र २००७ मध्ये हे चर्च बंद करावे, अशी शिफारस धर्मप्रांताच्या पातळीवर झाली. दगड झिजलेले, छप्पर दुरुस्तीला आलेले, खर्च आवाक्याबाहेरचा आणि रविवारी उपासनेला येणारी माणसे अगदी थोडी, अशी अवस्था होती. हिशेबाच्या दृष्टीने पाहता त्या शिफारशीत चूक काढण्यासारखे काही नव्हते.

नागरिकांनी चर्च वाचवण्यासाठी हजारो सह्यांचे निवेदन दिले. त्या सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रविवारी त्या चर्चची पायरी चढली नव्हती, हेही तितकेच खरे. वास्तू हवी, पण तिच्यात चालणारी उपासना आपली नव्हे, अशी ही युरोपातील आजची सर्वसाधारण मनोवृत्ती आहे. अखेर वाट निघाली ती निराळ्याच दिशेने. लंडनमधील होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या चर्चने ही जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली. आर्ची कोट्स या धर्मगुरूंबरोबर सुमारे तीस माणसे लंडनमधील आपली घरे आणि आपली गजबजलेली उपासना सोडून ब्रायटनला राहायला आली. १ नोव्हेंबर २००९ रोजी सेंट पीटर्सचे दरवाजे पुन्हा उघडले. काही वर्षांतच तेथील उपासकांची संख्या शेकड्यांत गेली. बेघरांना जेवण, व्यसनाधीनांना आधार, अशी कामे त्याच इमारतीत सुरू झाली. पुढे या चर्चने स्वतःची माणसे पाठवून व्हाइटहॉक या गरीब वस्तीतील चर्चला हात दिला, तर हेस्टिंग्ज आणि पोर्टस्मथ या शहरांतही नव्या मंडळ्या उभ्या केल्या. ज्या चर्चला टाळे लागणार होते, तेच इतरांची टाळी उघडू लागले.

ही हकिगत केवळ एका इमारतीच्या भाग्योदयाची असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती चर्च ऑफ इंग्लंडच्या धोरणाचा आधार बनली आणि तीव्र वादाचाही विषय झाली. मरगळलेली मंडळी पुन्हा उभी राहते ती श्रद्धेच्या बळावर की व्यवस्थापनाच्या? आणि श्रद्धेच्या बळावर उभी राहत असेल, तर त्या श्रद्धेचा आराखडा करून तो शंभर ठिकाणी राबवता येतो काय? या प्रश्नांचे उत्तर इंग्लंडमधील चर्च आज शोधत आहे. ज्यांचा चर्चशी संबंध नाही, अशा कोणत्याही संस्थाप्रेमी माणसालाही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ असा सुंदर शब्द आहे. चर्च हा शब्द इमारतीसाठीही वापरला जातो आणि संस्थेसाठीही. ‘मंडळी’ म्हणजे मात्र माणसेच. इमारत, संस्था आणि मंडळी या तिहींतील हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढील सारा वाद समजण्यास सोपा जातो.

प्रथम परिस्थितीचे स्वरूप पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले. ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी होण्याची ही पहिलीच वेळ. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्चच्या इमारती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वारसा वास्तू म्हणून संरक्षित आहेत. म्हणजे त्या पाडता येत नाहीत, मनासारख्या बदलता येत नाहीत आणि त्यांची निगा राखण्याचा भार मुख्यतः स्थानिक मंडळीलाच उचलावा लागतो. दुसरीकडे चर्चच्या मध्यवर्ती निधीची गुंतवणूक २०२४ अखेर सुमारे ११ अब्ज पौंडांच्या घरात होती. केंद्र श्रीमंत आणि गावातले चर्च कफल्लक, हे चित्र अनेकांना खटकते. तो निधी कसा आणि कोठे खर्चावा यावर बंधने आहेत हे मान्य केले, तरी गळणाऱ्या छपराखाली बसलेल्या वृद्ध उपासकाला त्या बंधनांचे समाधान ते काय?

अलीकडची आकडेवारी मात्र अगदीच निराशाजनक नाही. करोनाच्या साथीत कोसळलेली उपस्थिती हळूहळू सावरत असून, २०२४ मध्ये नियमित उपासकांची संख्या सुमारे १० लाख २० हजारांवर पोहोचली. ही सलग चौथ्या वर्षीची वाढ होती. तरीसुद्धा साथीपूर्वीची, म्हणजे २०१९ ची पातळी गाठली गेलेली नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅंटरबरीच्या आर्चबिशपपदी साराह मलाली यांची निवड जाहीर झाली. या पदासाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. धर्मसेवेत येण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील परिचर्या विभागाच्या सर्वोच्च अधिकारी होत्या. आजारी माणसाची शुश्रूषा आणि आजारी संस्थेची शुश्रूषा यांत साम्य किती, याची प्रचीती त्यांना या पदावर येणार, हे उघड होते.

आता ब्रायटनला माणसे पाठवणाऱ्या चर्चकडे वळू. होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन हे लंडनच्या अतिश्रीमंत भागातील चर्च. १९७७ मध्ये तेथे ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख करून देणारा ‘अल्फा’ नावाचा एक साधा अभ्यासवर्ग सुरू झाला. १९९० मध्ये निकी गंबेल या धर्मगुरूंकडे, जे पूर्वी बॅरिस्टर होते, त्याची सूत्रे आली आणि त्याचे रूप पालटले. आधीचा वर्ग नवख्या विश्वासणाऱ्यांसाठी होता. गंबेल यांनी तो विश्वास नसणाऱ्यांसाठी केला. आधी एकत्र जेवण, मग एक भाषण आणि नंतर लहान गटांत चर्चा. चर्चेत कोणीही कोणताही प्रश्न विचारावा, कोणाचीही थट्टा होणार नाही, असा दंडक. देव आहे कशावरून, इथपासून दुःख का आहे, इथपर्यंत. हा वर्ग पुढे शंभराहून अधिक देशांत आणि रोमन कॅथलिकांसह अनेक पंथांत पोहोचला.

याच चर्चने १९८५ पासून एक पद्धत अवलंबली. आपली मंडळी वाढली की मोठी इमारत बांधण्याऐवजी एक धर्मगुरू आणि काही माणसे बाजूला काढायची व ओस पडलेल्या जवळच्या चर्चमध्ये पाठवायची. मधमाश्यांचे मोहोळ भरले की थवा नव्या जागी जातो, तसा हा प्रकार. लंडनमध्ये तो यशस्वी झाला आणि ब्रायटनपासून तो राजधानीबाहेर पडला. पुढे बर्मिंगहॅमसह अनेक शहरांत हेच घडले. या पद्धतीच्या यशाचे श्रेय टीकाकार गिटारच्या संगीताला, चांगल्या कॉफीला आणि उच्चभ्रू तरुणांच्या ओळखीपाळखींना देतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते, असे वाटते. ब्रायटनला गेलेली ती तीस माणसे पगारी नव्हती. नोकऱ्या बदलून, मुलांच्या शाळा बदलून, घर विकून किंवा भाड्याने देऊन अनोळखी गावी जाणे, हा निर्णय संगीतावरून कोणी घेत नाही. त्यामागे काही एक श्रद्धा असावी लागते. तिला चूक म्हणा, बरोबर म्हणा; ती खर्चिक होती आणि तो खर्च त्यांनी स्वतः सोसला.

यश दिसले की त्याचे सूत्र करण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होतो. चर्च ऑफ इंग्लंडही त्याला अपवाद ठरले नाही. २०१४ पासून धोरणात्मक विकासासाठी वेगळा निधी काढण्यात आला आणि २०२१ पर्यंत सुमारे साडेसतरा कोटी पौंड विविध प्रकल्पांना मंजूर झाले. शहरांतील तरुणांना ओढून घेणारी मोठी केंद्रे उभी करावीत, हा त्यांतील अनेक प्रकल्पांचा गाभा. या खर्चाचे मूल्यमापन अर्थतज्ज्ञ सर रॉबर्ट चोट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केले आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. सर्व प्रकल्पांनी मिळून सुमारे ८९ हजार नव्या अनुयायांची अपेक्षा धरली होती. अहवालाच्या वेळेपर्यंत नोंद होती ती सुमारे १२ हजार ७०० जणांची. अनेक प्रकल्प अपुरे होते आणि मध्ये करोनाची साथ येऊन गेली होती, हे ध्यानात घ्यायलाच हवे. निधी वायाच गेला, असा निष्कर्ष समितीनेही काढलेला नाही. तरीही उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर बोलके आहे. श्रद्धेने केलेल्या कामाची नक्कल करताना तिचा बाह्य साज सहज उचलता येतो, परंतु घर सोडून निघणारी तीस माणसे अर्जातील रकान्यात भरता येत नाहीत.

याच सुमारास वादाची आणखी एक ठिणगी पडली. २०२१ मध्ये दहा वर्षांत दहा हजार नव्या, मुख्यतः सामान्य उपासकांनी चालवलेल्या मंडळ्या स्थापन करण्याची कल्पना पुढे आली. ती मांडताना चर्चच्या इमारती, पगारी धर्मगुरू आणि त्यांचे दीर्घ शिक्षण हे वाढीला मर्यादा घालणारे घटक असल्याचे प्रतिपादन एका धर्मगुरूने केले. हे शब्द खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंच्या जिव्हारी लागले. तीन-चार, कधी सात-आठ गावांची चर्च एकट्याने सांभाळणाऱ्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या आणि दर आठवड्याला कोणाला तरी मूठमाती देणाऱ्या माणसाला तूच अडथळा आहेस असे सांगितल्यासारखे झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये लंडनच्या बाराव्या शतकातील सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट या चर्चमध्ये ‘सेव्ह द पॅरिश’ ही चळवळ उभी राहिली. तिचे म्हणणे असे की, शहरातील चकचकीत केंद्रांना पैसा मिळतो आणि गावोगावचे पॅरिश उपाशी राहतात. पॅरिश हा केवळ येणाऱ्यांचा संघ नसून त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाची, मग तो उपासनेला येवो वा न येवो, आध्यात्मिक जबाबदारी घेणारी व्यवस्था आहे.

दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. नवे केंद्र अनेकदा आजूबाजूच्या लहान चर्चमधील तरुणांना ओढून घेते. अशी वाढ ही वाढ नसून स्थलांतर असते, हा आक्षेप गंभीर आहे. उलट, परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या अनेक मंडळ्यांनी नव्या माणसासाठी बाकावर सरकून जागा करून देण्याचे सौजन्यही दाखवले नाही, हेही नाकारता येत नाही. या भांडणात उपासकांची संख्या हाच पुनरुज्जीवनाचा एकमेव मापदंड मानला गेला आहे, ही खरी अडचण. तो मापदंड अपुरा कसा, हे समजण्यासाठी भारताशी घनिष्ठ नाते असलेल्या एका माणसाची आठवण करणे उपयुक्त ठरेल.

लेस्ली न्यूबिगिन हे स्कॉटलंडच्या चर्चतर्फे १९३६ मध्ये तामिळनाडूत आले. ते तमिळ शिकले, कांचीपुरमला राहिले. १९४७ मध्ये विविध पंथांच्या विलीनीकरणातून चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी ते मदुराईचे बिशप झाले. पुढे मद्रासचे बिशप होऊन १९७४ मध्ये ते मायदेशी परतले. तिकडे जाऊन त्यांना धक्का बसला. भारतात देवाविषयी बोलणे ही कोणत्याही घरात स्वाभाविक गोष्ट होती. इंग्लंडमध्ये मात्र थंड उपेक्षा वाट्याला आली. मिशनरी कामासाठी आपला मायदेश भारतापेक्षा अधिक कठीण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१९८० मध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन भागातील एका छोट्या मंडळीला टाळे लावण्याचा विचार तेथील युनायटेड रिफॉर्म्ड चर्चमध्ये चालू होता. समोर तुरुंग, भोवती बेकारी, शेजारी भारतीय उपखंडातून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे, आणि उपासनेला मूठभर वृद्ध. न्यूबिगिन यांचे म्हणणे पडले की, सुखवस्तू उपनगरे तेवढी हाती ठेवून चर्च अशा वस्त्या सोडून देत असेल, तर त्याला मिशनरी म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही. नुसते म्हणून ते थांबले नाहीत. सत्तरीला आलेल्या या माजी बिशपने ती मंडळी विनावेतन स्वतःकडे घेतली आणि १९८८ पर्यंत सांभाळली. ते दारोदार जात. इंग्रजांच्या घरांची दारे बहुधा तोंडावर बंद होत आणि आशियाई घरांत चहा मिळे, असा त्यांचा अनुभव. पंजाबी वंशाचे एक भारतीय पाळकही त्यांच्या साथीला होते. ज्या देशाने भारताला मिशनरी पाठवले, त्याच देशातील मंडळीला भारतात घडलेला बिशप आणि भारतातून आलेला पाळक आधार देत होते.

विन्सन ग्रीनची मंडळी फार मोठी झाली नाही. रविवारी हजाराची गर्दी तेथे कधी लोटली नाही. संख्येच्या मापाने पाहिले तर ही अपयशाचीच गोष्ट. परंतु याच वर्षांत न्यूबिगिन यांच्या चिंतनाला धार आली आणि १९८९ मध्ये ‘द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शुभवर्तमान लोकांना समजेल असे सांगण्याचे खरे साधन पुस्तक किंवा प्रवचन नसून त्यावर विश्वास ठेवून जगणारी मंडळी हेच आहे, असा त्यातील एक मध्यवर्ती विचार. विद्यापीठातील व्यासपीठावरून तो सुचला असता तर पोकळ वाटला असता. तुरुंगासमोरच्या त्या गरीब मंडळीत आठ वर्षे काढलेल्या माणसाने तो मांडला, म्हणून त्याला वजन आले. आज जगभरच्या धर्मशिक्षण संस्थांत हे पुस्तक वाचले जाते.

तिसरे उदाहरण उत्तरेकडील प्रेस्टन या जुन्या गिरणगावातील आहे. तेथील सेंट इग्नेशियस हे एकोणिसाव्या शतकातील रोमन कॅथलिक चर्च. एके काळी कामगार कुटुंबांनी भरणारे. गिरण्या गेल्या, माणसे पांगली आणि उपासकांअभावी २०१४ मध्ये चर्च बंद झाले. मात्र २०१५ च्या आरंभीच ते पुन्हा उघडले. या वेळी केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक समाजासाठी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००० नंतर केरळमधून परिचारिका मोठ्या प्रमाणावर नेल्या. त्या रात्रपाळ्या करत, भाड्याच्या खोल्यांत राहत, पण रविवारी कोठे तरी एकत्र येऊन मल्याळम भाषेत प्रार्थना करत. त्यांना छप्पर हवे होते आणि प्रेस्टनमध्ये छपराला माणसे हवी होती. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ग्रेट ब्रिटनमधील सिरो-मलबार समाजासाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला आणि हेच चर्च त्याचे कॅथीड्रल ठरले. पहिल्या बिशपांचा दीक्षाविधी त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला झाला, तो प्रेस्टनच्या फुटबॉल मैदानावर. बंद पडलेल्या चर्चचे दोन वर्षांत कॅथीड्रल व्हावे, ही घटना कोणत्याही योजनेत लिहिलेली नव्हती.

अर्थात येथेही प्रश्न संपलेले नाहीत. पहिल्या पिढीची श्रद्धा भाषेला आणि घरच्या आठवणींना बिलगून असते. इंग्लंडमध्ये जन्मलेली मुले मल्याळम प्रार्थना पाठ म्हणतील, पण त्यांना शंका येतील त्या इंग्रजीत. त्या शंकांना उत्तर देण्याची तयारी नसेल, तर पन्नास वर्षांनी हीच बाके पुन्हा रिकामी होतील. आयात केलेली श्रद्धा ही कायमची ठेव नसते. प्रत्येक पिढीला ती नव्याने कमवावी लागते.

पुनरुज्जीवनाच्या या सर्व चर्चेत एक काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८६ मध्ये शेफील्ड येथील एका चर्चमध्ये रात्री नऊची एक अभिनव उपासना सुरू झाली. नृत्याचे संगीत, प्रकाशझोत आणि शेकडो तरुण. चर्चच्या वरिष्ठांना त्यात भविष्य दिसले. १९९५ मध्ये हा उपक्रम कोसळला, कारण त्याच्या प्रमुखाने अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे उघड झाले. तीस वर्षांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, न्यायालयाने त्याला असभ्य हल्ल्याच्या सतरा आरोपांत दोषी ठरवले. भरलेली बाके पाहून वरिष्ठांनी प्रश्न विचारणे सोडले, हे या प्रकरणाचे मर्म. ओस पडत चाललेल्या संस्थेला गर्दी जमवणारा माणूस मिळाला की ती त्याच्यापुढे हतबल होते. एका व्यक्तीच्या करिष्म्यावर उभी राहिलेली मंडळी ही श्रद्धेने उभी राहिलेली मंडळी नव्हे. खरी श्रद्धा जाब विचारण्याला घाबरत नाही; हिशेब, देखरेख आणि तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा हे तिचे शत्रू नसून कुंपण आहे.

म्हणजे व्यवस्थापन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष या उदाहरणांवरून काढता येणार नाही. ब्रायटनचे छप्पर प्रार्थनेने दुरुस्त झाले नाही. त्यासाठी पैसा, परवानग्या आणि कारागीर लागले. परंतु ब्रायटन, विन्सन ग्रीन आणि प्रेस्टन या तीन ठिकाणी समान काय आहे, हे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिल्या ठिकाणी श्रीमंत लंडनकर तरुण होते, दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारा निवृत्त बिशप, तिसऱ्या ठिकाणी परदेशात राबणाऱ्या परिचारिका. उपासनेची पद्धत, पंथ, भाषा, संख्या यांत काहीही साम्य नाही. साम्य एवढेच की, कोणी तरी त्या जागेला आपली म्हटले, तेथे राहायला आले आणि फायद्याची हमी नसताना टिकून राहिले. श्रद्धा मोजण्याचे साधन नाही असे आपण म्हणतो. पण ती दिसते कशात, याचे उत्तर येथे मिळते. माणूस आपला वेळ, आपले घर आणि आपले वार्धक्य कोठे खर्च करतो, त्यात ती दिसते.

महाराष्ट्रालाही हा विचार नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठी मंडळ्यांचे दुखणे नेमके ओळखले होते. मिशनच्या पैशावर आणि परकीय वळणावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे जाणून १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि तो दरबार संस्था म्हणून फार फळाला आला नाही. परंतु अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या रूपाने त्यांनी जे दिले, ते मराठी चर्चमध्ये आजही रविवारी गायिले जाते. मिशनचा पैसा गेला, मिशनरी गेले, पण गाणारी मंडळी राहिली. संस्था म्हणून अयशस्वी ठरलेला माणूस मंडळीला जिवंत ठेवून गेला, हे इंग्लंडमधील धोरणकर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

गिरगाव-दादरच्या वस्त्या पांगल्यावर तेथील ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि नाट्यमंडळे कशी एकाकी झाली, हे मुंबईकर वाचकाला वेगळे सांगायला नको. आपणही इमारती वाचवण्यासाठी सह्या गोळा करतो, वारसा म्हणून फलक लावतो आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो. इमारत सह्यांनी वाचू शकते. संस्था देणग्यांनी काही काळ तगू शकते. मंडळी मात्र येणाऱ्या माणसांनीच वाचते, आणि माणसे येतात ती तेथे आधीपासून कोणी तरी त्यांची वाट पाहत बसलेले असेल तरच. इंग्लंडमधील येत्या काही वर्षांचे आकडे वर जातील की खाली, याविषयी भाकीत करणे धाडसाचे ठरेल. एवढे मात्र खरे की, जेथे जेथे रिकामी बाके पुन्हा भरली, तेथे त्या रिकाम्या बाकांवर आधी कोणी तरी एकटे बसून होते.